मेंदूवरील केंद्रित अल्ट्रासाउंडचे धोके: एका लेकीच्या दोन प्रश्नांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिडकोत राहणाऱ्या एका ताईंचे वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत. गेली नऊ वर्षे त्यांचा उजवा हात कापतो. चहाचा कप बशीवर वाजतो, बँकेत सही जुळत नाही आणि गोळ्यांनी पुरेसा फरक पडलेला नाही. कवटी न उघडता अल्ट्रासाउंडने मेंदूवर उपचार होतात, असे त्यांना कोणीतरी सुचवले आहे. त्याच घरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला नातू, म्हणजे ताईंचा मुलगा, म्हणतो की असे यंत्र लहान प्रमाणात घरीही बनवता येते, त्याने मन एकाग्र होते, झोप लागते, आणि आजोबांच्या हातासाठीही ते वापरून पाहता येईल. गर्भातल्या बाळाची सोनोग्राफी चालते, तर मोठ्या माणसाच्या डोक्याला काय होणार, असे त्याचे म्हणणे आहे. यात नेमका धोका काय आणि किती, असे ताईंनी विचारले आहे.

ताई, मी गेली बावीस वर्षे नाशिकमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि कंपाचे रुग्ण हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकाच नावाखाली आल्या आहेत. वडिलांना सुचवलेला उपचार मेंदूतला एक लहानसा भाग मुद्दाम जाळून निकामी करतो. मुलगा ज्याविषयी बोलतो आहे तो प्रकार मेंदूला इजा न करता त्याची क्रिया थोडी बदलू पाहतो. दोन्हीकडे लहरी त्याच आहेत, परंतु मात्रेत प्रचंड अंतर आहे, आणि या विषयातला जवळजवळ प्रत्येक धोका मात्रा नीट न कळल्यामुळे उद्भवतो.

आधी सोनोग्राफीचा मुद्दा घेते, कारण तुमच्या मुलाचा सगळा भरवसा त्यावर उभा आहे आणि त्याचे म्हणणे अर्धे खरेही आहे. सोनोग्राफी सुरक्षित ठरली आहे ती तिच्या उत्सर्जनाला मर्यादा घालून दिल्यामुळे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांनुसार निदानासाठीच्या यंत्राची कालसरासरी तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला ७२० मिलिवॅटपेक्षा आणि मेकॅनिकल इंडेक्स (लहरींमुळे ऊतींत बुडबुडे होऊन इजा होण्याच्या शक्यतेचा निर्देशांक) १.९ पेक्षा जास्त असता कामा नये. डोळ्यासाठी याच मर्यादा ५० मिलिवॅट आणि ०.२३ इतक्या खाली येतात, आणि त्याच प्रशासनाच्या जुन्या, अवयवनिहाय मर्यादांमध्ये प्रौढ माणसाच्या डोक्यासाठी ९४ मिलिवॅट हा आकडा होता. म्हणजे निव्वळ चित्र काढण्याच्या कामातसुद्धा अवयव बदलला की मर्यादा बदलते. शिवाय सोनोग्राफीतला प्रत्येक स्पंद सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाइतकाच टिकतो आणि किरण सतत इकडून तिकडे फिरत राहतो. केंद्रित अल्ट्रासाउंडमध्ये स्पंद लांब असतात आणि ते सारे एकाच ठिकाणी पाठवले जातात. आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी असते, यंत्राची नोंदणी असते, त्यामुळे अल्ट्रासाउंडच्या प्रत्येक यंत्रावर कोणाचे तरी लक्ष आहे असा अनेकांचा समज होतो. ही पाटी आणि नोंदणी ज्या कायद्यामुळे आहे तो १९९४ चा आहे आणि गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी आहे. डोक्याला लावलेल्या यंत्रातून किती उष्णता निर्माण होते, हा त्याचा विषयच नाही.

उष्णता आणि बुडबुडे असे दोन मार्गांनी ध्वनिलहरी ऊतींना इजा करतात. उष्णतेचा हिशेब नुसत्या तापमानावर होत नाही, ते तापमान किती वेळ टिकले यावरही होतो, आणि तो ४३ अंश सेल्सिअसला किती मिनिटे काढल्यासारखे झाले या एककात मांडतात. त्रेचाळीसच्या वर प्रत्येक अंशागणिक हा हिशेब दुप्पट होत जातो. ४४ अंशांवरचे एक मिनिट म्हणजे दोन मिनिटे, ४५ अंशांवरचे एक मिनिट म्हणजे चार, आणि ५६ अंशांवरचा एकच सेकंद म्हणजे सुमारे १३६ मिनिटे. ऊती मरण्यासाठी साधारण २४० मिनिटांची मात्रा धरली जाते, म्हणजे ५६ अंशांवर दोन सेकंद पुरेसे आहेत. डॉक्टर हा हिशेब हेतुपुरस्सर वापरतात तेव्हा त्याला उपचार म्हणतात. तोच हिशेब कोणाच्याही लक्षात न येता कवटीच्या हाडात पूर्ण झाला, तर ती भाजल्याची जखम असते, आणि ती त्वचेखाली असल्यामुळे बाहेरून दिसतही नाही.

बुडबुड्यांचा प्रकार वेगळा आहे. ध्वनिलहरीत दाब आळीपाळीने वाढतो आणि घटतो. तो पुरेसा घटला की द्रवात विरघळलेल्या वायूचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, लहरींबरोबर धडधडतात आणि एकाएकी कोसळतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. कोसळणारा बुडबुडा शेजारच्या केशवाहिनीची भिंत फाडू शकतो. वारंवारता जितकी कमी तितके हे सहज घडते. म्हणूनच मेकॅनिकल इंडेक्स काढताना घटलेल्या दाबाच्या कमाल आकड्याला वारंवारतेच्या वर्गमुळाने भागतात. इथे एक पेच आहे. कवटीतून पार होण्यासाठी कमी वारंवारता सोयीची असते, आणि बुडबुड्यांच्या दृष्टीने तीच अधिक धोक्याची असते.

आता कवटीविषयी, कारण हा सगळा विषय तिच्याभोवती फिरतो. मऊ ऊती आणि पाणी यांत ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो; कवटीच्या घट्ट हाडात तो वेग जवळजवळ दुप्पट होतो. कवटीची जाडी सगळीकडे सारखी नसते, बाहेरचा आणि आतला थर टणक असतो, मधला सच्छिद्र असतो, आणि हे प्रमाण प्रत्येक माणसात निराळे असते. परिणामी एका बिंदूवर एकत्र येण्यासाठी निघालेल्या लहरी कमीअधिक उशिराने पोहोचतात, केंद्रबिंदू सरकतो किंवा पसरतो. शिवाय हाड मेंदूपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा शोषते, त्यामुळे मेंदूत अपेक्षित ऊब येण्याच्या आधी कवटीच तापते. १९५० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्यम आणि फ्रँक फ्राय या बंधूंनी मेंदूवर केंद्रित अल्ट्रासाउंडचे पायाभूत काम केले, तेव्हा त्यांना लहरींसाठी कवटीचा तुकडा काढून वाट करून द्यावी लागत होती. कवटी न उघडता हे काम साधायला पुढची अनेक दशके लागली, आणि त्यासाठी सीटी स्कॅन, एमआरआय आणि शेकडो उत्सर्जकांना वेगवेगळ्या क्षणी चालवणारे संगणक यावे लागले.

तुमच्या वडिलांना सुचवलेल्या उपचारात हीच व्यवस्था वापरतात. शिरस्त्राणासारख्या अर्धगोलात १०२४ उत्सर्जक बसवलेले असतात. आधी काढलेल्या सीटीवरून त्या रुग्णाच्या कवटीचा नकाशा घेऊन प्रत्येक उत्सर्जकाची वेळ दुरुस्त केली जाते. डोक्याचे पूर्ण मुंडण करतात, चौकट चार खिळ्यांनी कवटीला घट्ट बसवतात, आणि टाळू व शिरस्त्राण यांच्यामध्ये थंड, हवा काढून टाकलेले पाणी फिरवत ठेवतात. या पाण्यामुळे टाळू आणि हाड गार राहतात आणि लहरींना वाट मिळते. रुग्ण पूर्ण जागा असतो आणि त्याच्या हातात सगळे थांबवण्याचे बटण असते. एमआरआयवर तापमान पाहत आधी थोडी ऊब देतात. पन्नास अंशांच्या खाली परिणाम बहुधा तात्पुरता असतो, म्हणून त्या टप्प्यावर रुग्णाला हात पुढे धरायला, गोल चकली काढायला, बोलायला सांगतात. कंप कमी झाला, जीभ जड झाली नाही, ओठाला मुंग्या आल्या नाहीत, तरच पुढे ५५ ते ६० अंशांपर्यंत नेऊन काही मिलिमीटरचा कायमचा व्रण केला जातो.

या उपचाराचे धोके त्या जागेच्या शेजाऱ्यांमुळे येतात. लक्ष्य असते मेंदूच्या खोल मध्यभागातील थॅलॅमसमधला ‘व्हिम’ नावाचा लहानसा केंद्रक. त्याच्या अगदी मागे हात, ओठ आणि जिभेच्या संवेदनांचा भाग आहे. बाहेरच्या बाजूला हातापायांच्या हालचालींचे तंतू ज्या पट्ट्यातून खाली उतरतात तो पट्टा आहे. व्रण एक-दोन मिलिमीटर मागे गेला तर बधिरपणा येतो, बाहेर गेला तर अशक्तपणा येतो, आणि जागेवर झाला तरी भोवती सूज येऊन पहिले काही आठवडे तोल जाऊ शकतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ७६ रुग्णांच्या नियंत्रित चाचणीत ५६ जणांना खरा उपचार आणि २० जणांना नुसता दिखाऊ उपचार दिला होता. तीन महिन्यांनी खरा उपचार मिळालेल्यांच्या हाताचा कंप सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झाला. त्याच चाचणीत ३६ टक्के रुग्णांना चालण्यात अडचण आली आणि ३८ टक्क्यांना बधिरपणा किंवा मुंग्या जाणवल्या. एका वर्षानंतर हे प्रमाण अनुक्रमे ९ आणि १४ टक्के उरले होते. त्याच वर्षी अमेरिकेत इसेन्शिअल ट्रेमरसाठी (काही धरताना किंवा करताना हात कापण्याच्या विकारासाठी) या उपचाराला मान्यता मिळाली. मी रुग्णांना हे आकडे नेहमी दोन्ही बाजूंनी सांगते, कारण फायद्याचा आकडा जाहिरातीतून त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचलेला असतो.

आकड्यांच्या मागे काय असते, ते एका रुग्णावरून सांगते. निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार दुसऱ्या शहरात हा उपचार करून घेऊन माझ्याकडे तपासणीसाठी परत आले. छाटणीची कात्री त्यांच्या हातात स्थिर राहत होती आणि त्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. परंतु उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि ओठाचा कोपरा बधिर झाला होता. घडातले मणी विरळ करताना बोटांच्या टोकांना मणी जाणवत नव्हता, त्यामुळे ते नजर लावून काम करत आणि तासाभरात थकून जात. शिवाय ओल्या वरंब्यावरून चालताना पाय एका बाजूला ओढत होता. पायाचा त्रास दोन महिन्यांत गेला. बोटांचा बधिरपणा आजही थोडा शिल्लक आहे. हा उपचार पुन्हा घ्याल का, असे मी विचारले तेव्हा ते लगेच हो म्हणाले. पण बोटांचे असे होऊ शकते हे आधी नीट सांगायला हवे होते, असेही ते म्हणाले, आणि त्यांचे ते म्हणणे मला पूर्ण रास्त वाटते.

कवटीच्या तापमानाबाबत एक गोष्ट रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. एमआरआयवर मोजले जाणारे तापमान हे ऊतींमधल्या पाण्याच्या संकेतावरून काढलेले असते. घट्ट हाडात तो संकेत जवळजवळ नसतो, आणि चरबीत ही पद्धत लागू पडत नाही. म्हणजे मेंदूतल्या लक्ष्याचे तापमान पडद्यावर दिसते, पण सर्वांत जास्त तापणारे हाड प्रत्यक्ष मोजले जात नाही. त्याचा अंदाज दिलेल्या ऊर्जेवरून आणि थंड होण्यासाठी दिलेल्या वेळेवरून बांधावा लागतो. म्हणूनच लहरींच्या दोन माऱ्यांमध्ये काही मिनिटे थांबतात, आणि म्हणूनच आधीच्या सीटीवरून कवटीच्या सच्छिद्र आणि घट्ट थरांच्या घनतेचे गुणोत्तर काढतात. हे गुणोत्तर ०.४० च्या खाली असेल तर लक्ष्यापर्यंत पुरेशी ऊब पोहोचवण्यासाठी इतकी ऊर्जा द्यावी लागते की हाडाचा मगज आणि टाळू भाजण्याचा धोका वाढतो, आणि एवढे करूनही व्रण अपुरा राहू शकतो. वडिलांसाठी विचारणा करताना हा एक आकडा आवर्जून मागा. तो कमी आला आणि डॉक्टरांनी नकार दिला, तर त्या नकाराबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

याशिवाय उपचाराच्या दिवशी डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळ होणे हे बऱ्याच जणांना होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, एमआरआयला न चालणारा पेसमेकर असेल, पूर्वी डोक्याची शस्त्रक्रिया झाली असेल, बंद जागेची भीती वाटत असेल, तर हे सगळे आधीच सांगावे. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच ते ठरवावे.

डीप ब्रेन स्टिम्युलेशन (कवटीला छिद्र पाडून मेंदूत विद्युततार बसवणे) या पर्यायाशी तुलना करताना लोक बहुधा ‘कवटीला छिद्र नाही’ एवढेच पाहतात. छिद्र नाही, त्यामुळे जंतुसंसर्ग नाही, छातीत बॅटरी नाही, आणि हे फायदे खरे आहेत. मात्र विद्युततारेचा प्रवाह कमीजास्त करता येतो, बंद करता येतो, तार काढताही येते. जाळलेला व्रण परत घेता येत नाही. म्हणून वडिलांचा फक्त उजवा हात त्यांना अडवत असेल तर अल्ट्रासाउंडचा विचार योग्य आहे, पण दोन्ही हात, मान आणि आवाज या सगळ्यांत कंप असेल तर मी अधिक सावध होते. दोन्ही बाजूंना व्रण केल्यास बोलणे, गिळणे आणि तोल सांभाळणे यांवर परिणाम होण्याची शक्यता वाढते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत दुसऱ्या बाजूच्या उपचाराला मान्यता मिळाली, तीही पहिल्यानंतर किमान नऊ महिन्यांचे अंतर ठेवण्याच्या अटीवर.

मेंदूत औषध पोहोचवण्यासाठी रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडून अल्ट्रासाउंडने रक्त-मेंदू अडसर (रक्तातले बरेच पदार्थ मेंदूत जाऊ न देणारी आडकाठी) थोडा वेळ उघडण्याचे प्रयोगही चालू आहेत, आणि अल्झायमरच्या रुग्णांवरील त्याचा पहिला छोटा अभ्यास २०१८ साली टोरांटोहून प्रसिद्ध झाला. सूज आणि सूक्ष्म रक्तस्राव हे त्यातले धोके आहेत. तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध नसल्याने इथे थांबते.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. त्याला मी एक जुनी चाचणी समजावून सांगू इच्छिते, कारण ती जाणकार डॉक्टरांनी, चांगल्या हेतूने आणि परवानग्या घेऊन केलेली होती. पक्षाघाताच्या रुग्णांना गुठळी विरघळवणारे औषध देताना बाहेरून ३०० किलोहर्ट्झचा अल्ट्रासाउंड दिला तर गुठळी लवकर सुटेल, अशी कल्पना होती. जर्मनीतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेली ही ट्रुम्बी नावाची चाचणी २६ रुग्णांनंतर थांबवावी लागली. औषध आणि अल्ट्रासाउंड दोन्ही मिळालेल्या १४ पैकी १३ रुग्णांच्या एमआरआयमध्ये रक्तस्रावाच्या खुणा दिसल्या. फक्त औषध मिळालेल्या १२ जणांमध्ये त्या ५ जणांत होत्या. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतरच्या संगणकीय अभ्यासांतून पुढे आलेले कारण असे की रुंद, लांब स्पंदांचा किरण एका बाजूने आत शिरतो, समोरच्या कवटीवरून परततो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून स्थिर लहरी तयार होतात. त्या लहरींच्या शिखरांवर दाब अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त चढतो, आणि ती शिखरे उपचाराच्या जागेपासून दूर, निरोगी मेंदूतही पडतात. आपण जिथे नेम धरला नाही तिथेही मात्रा पोहोचते, हे कवटीच्या पोकळीचे वैशिष्ट्य आहे, आणि ते बाहेरून यंत्र धरणाऱ्याला कोणत्याही प्रकारे जाणवत नाही. त्या रुग्णांच्या शरीरात गुठळी विरघळवणारे औषध होते, त्यामुळे रक्तस्राव सहज होऊ शकत होता हे खरे. पण ताई, आजोबांच्या वयाच्या घरात रोज ॲस्पिरिन घेणारे कितीतरी लोक असतात.

मेंदूला इजा न करता त्याची क्रिया बदलू पाहणाऱ्या, कमी तीव्रतेच्या अल्ट्रासाउंडचे आजचे संशोधन या अनुभवातून शिकून पुढे गेले आहे आणि त्याविषयी भीती पसरवणे मला योग्य वाटत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, अशा प्रयोगांत भाग घेतलेल्या ज्या ६४ लोकांनी माहिती दिली त्यांच्यात गंभीर दुष्परिणाम एकही नव्हता. ७ जणांनी मान दुखणे, लक्ष न लागणे, स्नायू फडफडणे, अस्वस्थ वाटणे असे सौम्य ते मध्यम त्रास सांगितले. मेंढ्यांवरील एका जुन्या अभ्यासात पुन्हापुन्हा मारा केल्यावर सूक्ष्म रक्तस्राव दिसल्याची नोंद होती, त्यामुळे चिंता निर्माण झाली. पुढे दुसऱ्या गटाने मेंढ्या आणि माकडांच्या मेंदूंचे बारकाईने परीक्षण केले, तेव्हा अल्ट्रासाउंड न दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतही तशा खुणा आढळल्या. या क्षेत्रातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सुचवलेल्या मर्यादा अशा आहेत: मेकॅनिकल इंडेक्स १.९ च्या आत, तापमानातील वाढ २ अंशांच्या आत, किंवा मघाच्या हिशेबाने मेंदूत २, हाडात १६ आणि त्वचेत २१ मिनिटांच्या आत. या मर्यादा पाळल्या तर इजेचा धोका नगण्य मानता येतो, असे त्यांचे मत आहे.

परंतु ते आकडे पाळण्यासाठी काय करावे लागते, ते तुमच्या मुलाने लक्षात घ्यावे. प्रयोगशाळेत आधी उत्सर्जक पाण्याच्या टाकीत ठेवून हायड्रोफोन या सूक्ष्म ध्वनिमापकाने दाबाचा नकाशा बिंदूबिंदूने काढतात. मग त्या व्यक्तीच्या सीटी किंवा एमआरआयवरून तिच्या कवटीतून लहर कशी जाईल याचे संगणकीय अनुकरण करतात. प्रयोगाच्या वेळी कॅमेऱ्याच्या मदतीने उत्सर्जकाची जागा पाहत राहतात आणि जेलमध्ये हवेचा बुडबुडा किंवा केसांत अडकलेली हवा राहिलेली नाही ना, हे तपासतात, कारण अडकलेली हवा ऊर्जा परतवते आणि त्वचा भाजू शकते. घरी बनवलेल्या यंत्रात पीझो चकती (वीज दिली की कंप पावून लहरी सोडणारी) बाजारातली असते, वर्धक (ॲम्प्लिफायर) दुसऱ्या कामासाठी बनलेला असतो, आणि पडद्यावर दिसणारे व्होल्ट म्हणजे मेंदूतला दाब नव्हे. तोच व्होल्टेज चकतीच्या अनुनादाच्या, म्हणजे ती सर्वांत जोराने कंपते त्या वारंवारतेवर एक परिणाम देतो आणि वारंवारता जरा बाजूला सरकली की दुसराच. डोक्याच्या बाजूला, कानशिलावर हाड पातळ असते. कपाळावरचा आकडा तिथे लावला तर मेंदूत अपेक्षेपेक्षा बरीच जास्त ऊर्जा जाते. शिवाय काही जाणवले नाही म्हणजे काही झाले नाही, असा निष्कर्ष इथे काढता येत नाही, कारण मेंदूच्या ऊतींना स्वतःला वेदना होत नाहीत.

फिजिओथेरपीच्या यंत्राबद्दलही लिहावे लागेल, कारण ते ऑनलाइन सहज मिळते आणि डोकेदुखीसाठी ते कानशिलावर फिरवणारे दोघे जण मी स्वतः पाहिले आहेत. ही यंत्रे साधारण १ किंवा ३ मेगाहर्ट्झवर चालतात आणि दर चौरस सेंटिमीटरला १ ते २ वॅट देतात. १ वॅट म्हणजे १००० मिलिवॅट. प्रौढ डोक्यासाठीच्या ९४ मिलिवॅटच्या दहापटीहून हे अधिक आहे. गुडघ्यावर किंवा खांद्यावर ते हात फिरवत देतात, त्यामुळे ऊब पसरते. शिवाय त्यांच्या किरणात सरासरीच्या पाच-सहापट तीव्र ठिपके असू शकतात, म्हणून एका जागी धरून ठेवणे फिजिओथेरपिस्टही टाळतात. डोके आणि डोळे या जागा त्यांच्या शिक्षणात वर्ज्य म्हणूनच शिकवलेल्या असतात.

नैराश्य, निद्रानाश किंवा एकाग्रता यांसाठीचे कमी तीव्रतेचे केंद्रित अल्ट्रासाउंड अजून संशोधनाच्याच टप्प्यावर आहे. एखाद्या ठिकाणी ते उपचार म्हणून पैसे घेऊन देत असतील, तर त्यांना तीन प्रश्न विचारा: हा अभ्यास असेल तर त्याचा भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला क्रमांक काय, नीतिसमितीची परवानगी कोणाची, आणि इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार. खऱ्या संशोधकांकडे ही उत्तरे संमतिपत्रातच लिहिलेली असतात.

वडिलांच्या बाबतीत पहिले काम निदान पक्के करण्याचे आहे. हात काही धरताना कापतो की मांडीवर निवांत असताना, यावरून इसेन्शिअल ट्रेमर आणि कंपवात (पार्किन्सन) यांत फरक करता येतो, आणि दोन्हींची वाट वेगळी आहे. थायरॉइडची तपासणी झाली आहे का, दम्याचा पंप किंवा फिटच्या काही गोळ्या चालू आहेत का, हेही पाहावे लागेल, कारण त्यांनीही हात कापतो. प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन ही दोन्ही औषधे योग्य मात्रेत आणि पुरेसे दिवस दिली होती का, ते जुन्या कागदांवरून तपासा. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. त्यानंतरही हात अडवत असेल तर सीटी काढून कवटीचे गुणोत्तर पाहावे. मेंदूसाठीची ही यंत्रे देशात मोजक्याच ठिकाणी असल्याने नाशिकहून प्रवास, मुक्काम आणि नंतरच्या तपासण्या यांचा विचार आधीच करा. उपचार झालाच, तर पहिले सहा आठवडे त्यांना दुचाकीवर बसवू नका, रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवर एकट्याने जाऊ देऊ नका, आणि रात्री स्नानगृहापर्यंतच्या वाटेवर दिवा ठेवा. अचानक तीव्र डोकेदुखी, उलटी, झोपाळूपणा किंवा हातापायातली शक्ती कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

मुलाचे कुतूहल मात्र मोडू नका. चकती माणसाच्या किंवा प्राण्याच्या अंगाला लावायची नाही, एवढी एक अट घालून त्याला पाण्याची टाकी आणि चायना ग्रासची घट्ट वडी वापरू द्या. वडीत तापमान मोजणारी बारीक तार खोचून आधी मोकळ्या पाण्यातून, मग मध्ये सहा मिलिमीटर जाडीचा ॲक्रिलिकचा तुकडा सरळ धरून, आणि मग तोच तुकडा थोडा तिरका करून त्याने वाचने घ्यावीत, आणि दर वेळी त्या तुकड्याचेही तापमान मोजावे. केंद्रबिंदू कुठे गेला आणि ऊब नेमकी कशात राहिली, हे त्याच्याच वहीत उतरेल. ती वही घेऊन तो माझ्याकडे आला तर मला आनंद होईल. दर गुरुवारी संध्याकाळी मी शेवटचा रुग्ण तपासल्यावर मोकळी असते.